टिचकीत हरवलेला खासदार

हे गेले त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. भेटायला येणारी माणसं म्हणतात, काहीतरी सांगा त्यांच्याबद्दल. अशा वेळी माझ्या मनात पहिल्यांदा येते ती लोकसभा. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं, कारण हे कधी कुठल्या सभेत बोलायला उभे राहिले नाहीत. विम्याच्या कचेरीत कारकून होते, कारकून म्हणूनच वर चढत गेले आणि निवृत्त झाले. पण आमच्या संसाराच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून देशाची पहिली लोकसभा कागदावर उतरवली, आणि त्या कामात जे हसलो तितकं पुढे क्वचितच हसलो. तेच सावकाश लिहून ठेवते आहे.

मी लग्न होऊन अंधेरीला आले ती बावन्न सालच्या पावसाळ्याआधी. निवडणूक होऊन गेली होती. अंधेरीतल्याच आंबोलीच्या रस्त्यावरच्या भिंतींवर पक्षांची चिन्हं अजून पुसट दिसत होती. त्याच रस्त्यावर एका बैठ्या कौलारू घरातल्या दोन खोल्या आमच्या. पुढे सामाईक पडवी, आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला टीचर. टीचर आंबोलीच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. दिवसा कॉन्व्हेंटात मराठी शिकवायच्या, रविवारी देवळात ऑर्गन वाजवायच्या. त्यांना सगळा रस्ता टीचरच म्हणे, वर्सोव्याहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीसुद्धा.

मी इंटर पास होऊन आले होते आणि मला वाचायला लागे. वाचनालय पाच मिनिटांवर होतं. एक लांबट खोली, दोन बाकं, पाच कपाटं. सकाळी आणि संध्याकाळी उघडं असे, आणि त्या वेळी तिथे पुरुष वर्तमानपत्रं वाचत बसलेले असत. बायकांनी येऊ नये असा नियम नव्हता. येत मात्र कुणी नसे. पुस्तकं नवऱ्यांनी आणायची. हे पुस्तक निवडत ते जाडी पाहून. एकदा एका कादंबरीचा दुसरा भाग घेऊन आले.

"अहो, पहिला भाग कुठे आहे?"

"पहिला बारीक होता," हे म्हणाले. "तुला दोन दिवसांत संपला असता."

त्याच आठवड्यात मी वाचनालयाच्या चिटणीसांना अर्ज लिहिला. आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते साडेचार, वाचनालय बायकांसाठी उघडावं. दार उघडणं, पुस्तकं देणं-घेणं हे काम मी विनामूल्य करीन. चिटणीस टपालखात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अर्ज समोर ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत विचारलं.

"दुपारी कोण येणार?"

"बायका."

"त्या काय वाचणार?"

"कपाटात असेल ते."

"हं. आणि किल्ली?"

"किल्ली माझ्याकडे द्यावी लागेल."

त्यांनी चष्मा काढला. टेबलावर किल्ली होती, तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला. "बाई, ही किल्ली आजवर मी दुसऱ्याच्या हातात दिलेली नाही. मला माणसाचं काम बघावं लागतं." मग भिंतीकडे बोट केलं. तिथे एक मोठा काळा फळा कोराच टांगलेला होता. लोकसभेच्या सगळ्या सभासदांची मराठी यादी त्यावर रंगवून घ्यायची असं निवडणुकीनंतर लगेच ठरलं होतं, म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कोण कुठला ते कळावं. यादी इंग्रजीत मिळाली होती. मराठीत करायला कुणी बसत नव्हतं. "ही करून द्या. रंगाऱ्याच्या हाती देण्याजोगी. एक चूक नसली तर किल्ली तुमची."

मी ते छापील पुस्तक पदराखाली घेऊन घरी आले. यादीत एकूण चारशे नव्व्याण्णव माणसं होती. त्यांतली दहा नेमलेली, बाकीची निवडून आलेली.

काम असं वाटून घेतलं. मी इंग्रजी नाव वाचायचं, मराठीत कसं लिहायचं ते ठरवून मोठ्याने सांगायचं, आणि ह्यांनी लिहायचं, कारण ह्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पडवीत चटई टाकून, बसकं मेज मध्ये घेऊन आम्ही बसत असू, आणि राज्यं सोयीने पुढेमागे घेत असू.

नावं लिहिणं सोपं असेल असं वाटलं होतं. पण इंग्रजीत 'द' आणि 'ड' एकाच अक्षरात राहतात. बंगालच्या पानावर दास येऊ लागले तेव्हा ह्यांनी पहिल्या दासाला सरळ 'डास' लिहिलं आणि वर म्हणाले, "अंधेरीहून दिल्लीला गेला असेल." मद्रासच्या पानावर तर आम्ही हात टेकले. तिथली नावं कुठे तोडायची आणि कुठे जोडायची ते कळेना, तेव्हा रस्त्यापलीकडच्या इडलीवाल्याला बोलावून एकेक नाव म्हणवून घेतलं. त्याने आमच्या उच्चारांना मान हलवून नकार देत देत सबंध दुपार घालवली.

मला त्या यादीत हळूहळू माणसं दिसू लागली. वकील किती असावेत, प्रत्येक पानावर वकील. शेतकरीही पुष्कळ, आणि त्यांच्या शेजारी राजे-महाराजे, ज्यांना आता मतं मागून यावं लागलं होतं. डॉक्टर, मास्तर, संपादक. तुरुंगात वर्षं काढलेले अनेकजण. बायका अगदी थोड्या. एखाद्या पानावर 'श्रीमती' किंवा 'कुमारी' आलं की मी ते नाव दोनदा वाची. नेमलेल्यांत अँग्लो-इंडियन होते, काश्मीरचे होते, अंदमानातलाही एकजण होता. काही मतदारसंघांतून दोन-दोन सभासद होते, एक सर्वांसाठीच्या जागेवर आणि एक हरिजनांसाठी किंवा आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. टीचर आपल्या दारात बोंबील निवडत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "दोघांत मोठा कोण गो?"

"दोघं सारखेच, टीचर."

"एका घरात दोन सुना, आणि दोघी सारख्या? मी नाही पाहिलं असलं घर."

मुंबई राज्याच्या पानावर मी एका नावाशी येऊन थांबले. ह्यांनी टाक दौतीत बुडवला, निथळला, तरी मी गप्प.

"काय झालं?"

"इथे तुम्ही आहात."

हे मेजावरून वाकले. ते नाव देवाचं, त्यामुळे देशभर पसरलेलं. ह्यांनाही तेच मिळालं होतं. आणि नवऱ्याचं नाव मी उच्चारणार नव्हते. आमच्याकडे कुणीच उच्चारत नसे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची. मी इंटरला तर्कशास्त्र शिकले होते, पण तर्कशास्त्र नवऱ्याच्या आयुष्यावर लावून बघायची माझी तयारी नव्हती.

"निवडून आलो?" ह्यांनी विचारलं.

"आलात."

"कुठून?"

"गुजरातेकडून."

"मला गुजराती येत नाही," हे म्हणाले आणि स्वतःचं नाव मोठ्या ऐटीत लिहिलं.

त्यानंतर आम्ही खूण ठरवली. ते नाव आलं की मी मेजावर बोटाने टिचकी मारायची. ह्यांनी पुस्तकात डोकावून बाकीचं नाव बघून घ्यायचं. त्याच नावाला पुढे 'प्रसाद' किंवा 'सिंह' जोडलेलं असलं तर मात्र मी सरळ वाची.

"म्हणजे मला शेपूट लावलं की मी दुसरा माणूस?"

"शेपूटवाले तुम्ही नव्हेत."

"लक्षात ठेवीन."

टिचकी वाजली की हे "हजर" म्हणत आणि लिहीत. बिहारात हजर, मध्य प्रदेशात हजर. मी हसून हसून ओळ चुकत असे.

तिसऱ्या रविवारी उत्तर प्रदेश निघाला. सगळ्यांत मोठं राज्य, पानामागून पानं. नेमका त्याच दिवशी घाटकोपरला ह्यांच्या आतेभावाचा साखरपुडा होता. बुधवारी यादी चिटणीसांकडे द्यायची होती. मी तापाचं निमित्त सांगून घरी राहिले, हे एकटे गेले. लिहायला टीचर आल्या. त्यांचंही अक्षर उत्तम. कॉन्व्हेंटातल्या सगळ्या मुली तेच गिरवत. मी वाचत होते, त्या मान खाली घालून लिहीत होत्या. टिचकीची खूण त्यांना सांगायला हवी हे माझ्या ध्यानातही आलं नाही. खुणेची सवय इतकी झाली होती की ती सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखी मी दुपारी केव्हातरी मेजावर टिचकी मारली आणि पुढचं नाव वाचलं. संध्याकाळपर्यंत उत्तर प्रदेश संपला. टीचरनी बोटं मोडली आणि म्हणाल्या, "यापेक्षा ख्रिसमसच्या कॅरोल्स लिहून काढणं बरं."

मंगळवारी हे आणि मी सगळी यादी तपासून काढली. लिहिलेल्या प्रत्येक नावाचे काना-मात्रे पाहिले, पुस्तकाशी ताडून पाहिले. न लिहिलेलं नाव कसं दिसणार?

पुढच्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या समितीची बैठक होती, तिला मला बोलावलं होतं. यादी मांडायची आणि किल्लीचा निकाल लागायचा. हे बरोबर आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. देवळातली मासची प्रार्थना आटोपून टीचरही आल्या, माझ्याशेजारी बाकावर बसल्या. त्या बाकावर बायका बसण्याची ती पहिलीच वेळ असावी. वर्तमानपत्र वाचणारे दोघे उठून व्हरांड्यात गेले. समितीत पाच माणसं. अध्यक्ष म्हणून रस्त्यावरचे डॉक्टर होते, पण कारभार चिटणीसांचा.

त्यांनी आमच्या यादीवर हात ठेवला. "अक्षर चांगलं आहे. शुद्धलेखन चांगलं आहे. मी तीनदा मोजली. चारशे अठ्ठ्याण्णव भरतात. एक कमी."



"एकाने काय होतंय," डॉक्टर म्हणाले.

"एक म्हणजे पाच-सात लाख माणसं, डॉक्टर. त्यांच्यातल्या मतदारांनी रांगेत उभं राहून मत दिलेलं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुस्तक घ्या. वाचा. मी खुणा करत जातो. इथेच सापडायला हवा."

मी उभी राहून वाचू लागले. त्यांच्या हातात तांबडी पेन्सिल. आसाम झालं. बिहारात ह्यांचं नाव आलं तेव्हा मी सवयीने पुस्तकावर टिचकी मारली आणि आडनाव तेवढं म्हटलं. चिटणीसांना ते आडनाव यादीत दिसलं, त्यांनी खूण केली. मुंबई, मध्य प्रदेश, मद्रास तसेच पार पडले. मी मनात म्हटलं, निभावतंय. उत्तर प्रदेशाच्या मध्यावर पुन्हा तेच नाव आलं. या गृहस्थांना आडनावच नव्हतं. नुसतं नाव, आणि पुढे 'जी'.

मी टिचकी मारली.

पेन्सिल थांबली. "पुढे?"

मी पुन्हा टिचकी मारली.

"बाई, पुढे काय?"

कोपऱ्यात हे अर्धवट उठले. तेवढ्यात टीचर मोठ्याने म्हणाल्या, "टिचकी म्हणजे ती ओळ गाळायची ना गो? मी तशीच गाळली. आमच्या देवळातल्या गाण्याच्या मास्तरांनी टिचकी मारली की आम्ही ती ओळ गाळून पुढे जातो."

मग डॉक्टर हसू लागले आणि त्यांना थांबता येईना. चिटणीस हसले नाहीत.

"कुणाचं नाव आहे ते?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. हे उगाच स्टुलावर सरळ होऊन बसले.

"सापडला ना खासदार," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "फळ्यावर जायच्या आधी सापडली ती चूक नव्हे. द्या किल्ली."

"ते मी मान्य करतो," चिटणीस म्हणाले. "माझी अडचण निराळी आहे. याच नावाचे आपले तीन वर्गणीदार आहेत. त्यांच्या घरच्या बायका पुस्तकाला येणार. या बाईंना खात्यावरचं नाव पुकारावं लागणार. तेव्हा काय करणार? टिचक्या? वाचनालय आहे, भजनाचा फड नव्हे."

ते बरोबर बोलत होते. मला राग आला तो त्यामुळेच. किल्ली त्यांच्यासमोर होती, हाताच्या अंतरावर, आणि तिच्या आणि माझ्यामध्ये तीन अक्षरं होती. मी बायकांकडे बोलून बसले होते. पलीकडच्या आळीतल्या दोघी तर दुपारी किती वाजता निघायचं हे विचारून गेल्या होत्या. त्यांना आता काय सांगायचं, की नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना म्हणून वाचनालय उघडलं नाही?

"नाव घ्यायचंच ना," मी म्हटलं. "घेते."

नाव घ्यायची एकच रीत मला माहीत होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं:

"लोकसभेच्या यादीत उत्तर प्रदेशाचं पान,
अमुकरावांचं नाव घेते, समितीचा राखून मान."

'अमुक'च्या जागी खरं नाव होतं. टीचरनी टाळ्या वाजवल्या. समितीतले दोघे "वा" म्हणाले. चिटणीसांनी सगळ्यांचं आटपेपर्यंत वाट पाहिली.

"हे मंगळागौरीला ठीक. पुस्तकांच्या देवघेवीत दर वेळी यमक कुठून आणणार? नुसतं नाव. यादीत आहे तसं."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. आईचं बोलणं आठवलं. ह्यांच्याकडे पाहावंसं वाटलं, पाहिलं नाही. ओळीवर बोट ठेवलं आणि ते नाव वाचलं, नुसतं, स्पष्ट, जसं शाळेत हजेरीला वाचतात तसं.

"ओ," हे कोपऱ्यातून म्हणाले.

सवयीने नव्हे; माझ्या तोंडून यमकाशिवाय ती हाक त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होती. ते कानापर्यंत लाल झाले. आता मात्र चिटणीसही हसले, दात दिसतील इतके, आणि हसता हसताच त्यांनी यादीच्या समासात ते नाव स्वतःच्या हाताने भरलं. मग ठोकळ्यासकट किल्ली माझ्या बाजूला सरकवली. "तीन ते साडेचार. साडेचार म्हणजे साडेचार. आणि त्या वेळात पुरुष आत नको. अगदी मीसुद्धा. नाहीतर वेळ राखून ठेवण्यात अर्थ नाही."

घरी येताना ह्यांनी विचारलं, "पुन्हा म्हणशील?"

"वर्गणीदार आला तर."

आईचा हिशेब चुकला. त्या रविवारनंतर हे साठ वर्षांहून अधिक जगले, आणि त्यातली बहुतेक वर्षं धडधाकट. मी कामापुरतं ते नाव घेत राहिले. घरात मात्र "अहो"च, कारण ते मला आवडत असे.

फळा रंगून जानेवारीत लागला, तेव्हाच बायकांच्या दुपारी सुरू झाल्या. पहिल्या दुपारी सातजणी आल्या. आल्या आणि कपाटांकडे न जाता फळ्यासमोरच उभ्या राहिल्या. आधी एकमेकींना धरून, मग मोकळ्या. कुणीतरी 'श्रीमती' शोधू लागली, मग सगळ्याच शोधू लागल्या. सापडली की मोठ्याने वाचायच्या, राज्यासकट.

"हिला नवरा आहे का नाही?"

"श्रीमती आहे म्हणजे असेल."

"मग त्याचं नाव कुठे आहे?"

"त्याचं कशाला? तो कुठे निवडून आलाय?"

यावर जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं असावं. कारण थोड्याच वेळात खिडकीच्या गजांबाहेर हे दिसले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. त्यांच्यामागे चार पावलांवर चिटणीस, छत्रीवर दोन्ही हात ठेवून, आपण सहज इकडून चाललो होतो असं दाखवत.

"आजचं वर्तमानपत्र दे ना," हे म्हणाले. "इथे बाहेरच वाचतो."

"साडेचारनंतर."

"मी वर्गणीदार आहे."

"नियम आहे," मागून चिटणीस म्हणाले. ह्यांना म्हणाले, मला नव्हे.

हे गजाला धरून आत डोकावू लागले. फळ्यापाशी आता पंजाबची नावं चालली होती. एकजण खाली बसून सगळ्यात खालची ओळ वाचत होती, दुसरी तिच्या खांद्यावरून.

"आत चाललंय तरी काय?"

"वाचन," मी म्हटलं, आणि खिडकीचं एक दार लोटून घेतलं. फळ्यावर ऊन येत होतं.